शहराच्या कारभारात शिरायचंय? एक काम धरा आणि एप्रिल ते मार्च त्याच्या मागे लागा (पुण्यातल्या तरुण प्रोफेशनल्ससाठी)

दर थोड्या दिवसांनी तिशीच्या आतबाहेरचं कुणीतरी विचारतं, "शहरासाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, कुठला कोर्स आहे का?" विचारणाऱ्यांत आयटीतले असतात, सीए असतात, आर्किटेक्ट, एखादी डेंटिस्ट, नुकती सनद घेतलेला वकील. हुशार असतात, तळमळही खरी असते, आणि त्यातले बरेचसे तीन महिन्यांत गळतात कारण पहिल्याच झटक्यात "पुण्याचं ट्रॅफिक" सोडवायला घेतात. ट्रॅफिक कुणाच्या बापाला सुटलेलं नाही. मग एक पीपीटी बनते, आयुक्तांना ईमेल जातो, उत्तर येत नाही, आणि "सिस्टीमच खराब आहे" म्हणून विषय बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक प्रभाग धरा, त्यातलं एकच छोटं काम धरा, आणि एक अख्खं आर्थिक वर्ष ते सोडू नका. तक्रारीपासून अंदाजपत्रक, टेंडर, वर्क ऑर्डर, प्रत्यक्ष काम आणि शेवटचं बिल, इथपर्यंत. एक फाईल अशी पूर्ण पाहिलेला माणूस पुढे कुठल्याही सभेत फसत नाही. उदाहरणं पुण्याची देतोय कारण मला तेच शहर ठाऊक आहे, पण नाशिक, नागपूर, कोल्हापूरलाही कायदा तोच आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९. मुंबईचा तेवढा वेगळा, १८८८ चा.

आत्ताची वेळही बरी आहे. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक होता, म्हणजे आज पंचविशीत असलेल्या पोरांनी नोकरीला लागल्यापासून नगरसेवक असलेली महापालिका पाहिलेलीच नाही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. त्यात बरेच नवे आहेत आणि तेही शिकतायत, तुम्हीही शिका.

पायरी १ : आधी मतदार व्हा, आणि आपण कुणाच्या हद्दीत राहतो ते बघा

हे इतकं साधं आहे की सगळे टाळतात. राहायला बाणेरमध्ये, मतदान लातूरला किंवा कराडला. पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नोंदणीला फॉर्म ६, दोन्ही ऑनलाइन. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात, त्यामुळे ऐन निवडणुकीत धावपळ करून उपयोग नसतो, कारण यादीची तारीख आधीच ठरलेली असते. यादीत नाव नसेल तर नगरसेवक तुमचं ऐकून घेईल, चहाही पाजेल, आणि तुम्ही दाराबाहेर पडलात की विसरेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरं हद्दीचं. हिंजवडीत काम करणारे कित्येक जण तिथल्या रस्त्यांसाठी पुणे महापालिकेला शिव्या घालतात, आणि हिंजवडी पुणे महापालिकेत नाहीच! तिथे ग्रामपंचायत आहे, एमआयडीसी आहे, वर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. पुण्यातसुद्धा २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, आणि त्यातल्या फुरसुंगी-उरुळी देवाचीची पुन्हा वेगळी नगर परिषद झाली. म्हणून आधी प्रभागाचा नकाशा काढा, आपली सोसायटी शोधा, क्षेत्रीय कार्यालय कुठलं ते बघा. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत.

पायरी २ : काम निवडताना टेप घेऊन जा

काम असं हवं की चालत जाऊन पूर्ण बघता येईल. दोनशे मीटर फूटपाथ, एखाद्या शाळेसमोरचं क्रॉसिंग, दर पावसाळ्यात तुंबणारा एकच चौक, बंद पडलेलं सार्वजनिक शौचालय. नदी, मेट्रो, टेकडी वगैरे नंतर.

फूटपाथच घेऊ. कोथरूड, वारजे, धानोरी, कुठलाही. मोजायची टेप, मोबाईल आणि एक वही घेऊन सकाळी निघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीप्रमाणे चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. महापालिकेनं २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण आणि रस्ते डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वंही केली आहेत, ती डाऊनलोड करून वाचा, चांगली आहेत खरंच. आता चालताना आडवं येणारं प्रत्येक काही लिहून काढा आणि समोर मालक कोण ते लिहा. विजेची डीपी (वीजवाटपाची पेटी) महावितरणची. झाड आणि त्याचा फुटका कठडा उद्यान विभाग. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण मलनिस्सारण, पण शेजारचंच दुसरं झाकण टेलिफोन कंपनीचं निघू शकतं. बसथांबा पीएमपीचा. दिव्याचा खांब विद्युत विभाग. टपरी अतिक्रमण विभाग, परवाना असेल तर गोष्ट वेगळी. सोसायटीनं गाडी चढवायला बांधलेला उतार, तो बहुतेक तुमच्याच सोसायटीचा! फरशा पथ विभागाच्या. म्हणजे दोनशे मीटरमध्ये सात-आठ मालक निघाले, आणि "फूटपाथ नीट करा" अशी एकच तक्रार पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर, टाकली की ती पथ विभागाकडे जाते, तो म्हणतो डीपी माझी नाही, आणि तक्रार "निकाली" निघते. मालकवार तोडून लिहिली तर निम्मी हलते.

ही वही हाच तुमचा पहिला कोर्स.

पायरी ३ : क्षेत्रीय कार्यालयातली माणसं ओळखा

सगळ्यांना आयुक्तांना भेटायचं असतं. तुमचं काम कनिष्ठ अभियंत्याकडे आहे, ज्याला सगळे जेई म्हणतात. त्याच्या वर उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता, क्षेत्रीय कार्यालयाचा प्रमुख महापालिका सहायक आयुक्त, आणि काही कार्यालयं मिळून एक परिमंडळ, त्याला उपायुक्त. कचऱ्याचं असेल तर आरोग्य निरीक्षक आणि मुकादम. मुकादमाला गल्लीन् गल्ली पाठ असते, त्याच्याशी दहा मिनिटं बोललात तर वेबसाइटवर तासभर शोधून मिळणार नाही ते कळतं.

जेई सकाळी साइटवर असतो, दुपारनंतर टेबलावर सापडतो, आणि त्याच्याकडे तुमच्यासारखे रोज येतात, पैकी बहुतेक ओरडायला. तुम्ही वही घेऊन जा, मोजमापं दाखवा, विचारा, "साहेब, यातलं तुमच्या हातात किती, आणि कुठलं वरून मंजूर करून घ्यावं लागेल?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो. कॉर्पोरेटमधल्या मंडळींची खोड अशी की तिथेही क्लायंट असल्यासारखं बोलतात, डेडलाइन मागतात. तो तुमचा व्हेंडर नाही. आणि भेट झाली की त्याच दिवशी एक पानी पत्र मराठीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर भेट झालीच नाही असं समजा. व्हॉट्सअॅपवरच्या "ओके सर पाहतो" ला फाईलमध्ये काही किंमत नाही.

मोहल्ला कमिटीची, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांची, बैठक असेल त्या दिवशी जाऊन नुसतं बसा. तेच दहा ज्येष्ठ नागरिक दिसतील, त्यांची चेष्टा करू नका, त्यातल्या दोघांना पंधरा वर्षांचा इतिहास तारखांसकट माहीत असतो. तिशीतले तिथे जात नाहीत हीच तर अडचण आहे.

पायरी ४ : कागद मिळवा

माहिती अधिकार २००५ चा, अर्जाला १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, आणि इथेच नवशिके अडकतात कारण त्यांना "का" विचारायचं असतं. "फूटपाथ का खराब आहे?" याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. उदाहरणार्थ असं :

"अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या पदपथावर मागील तीन आर्थिक वर्षांत झालेल्या कामांचे पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली बिले व दोषदायित्व कालावधी नमूद असलेल्या करारनाम्याच्या पानाची प्रत मिळावी."

बस. यातून चार गोष्टी कळतात, काय करायचं ठरलं होतं, कुणाला दिलं, मोजून किती केलं असं लिहिलंय, पैसे किती गेले. सीए मंडळी, इथे तुमची खरी गरज आहे, कारण मोजमाप पुस्तिका आणि बिल समोरासमोर ठेवून वाचायला इंजिनिअरचा डोळा आणि ऑडिटरचा डोळा दोन्ही लागतात. दोषदायित्व कालावधी शिल्लक असेल तर उखडलेल्या फरशा ठेकेदारानं त्याच्या खर्चानं लावून द्यायच्या असतात, त्यासाठी नवीन पैसा लागतच नाही. सगळ्यात पटकन होणारं काम कुठलं असेल तर हेच, फक्त कुणीतरी तो कागद टेबलावर ठेवायला लागतो.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे रांग मोठी आहे, तोवर तुमचं वर्ष संपेल. त्यापेक्षा पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागदपत्रं पाहू देण्याची पद्धत होती, ती अजून चालू आहे का ते आधी त्या खात्याला फोन करून विचारा, आणि असेल तर तिचा फायदा घ्या. अर्ज न करता फाईल समोर येते, आणि फाईल चाळताना शेऱ्यांमधून जे कळतं, कोणी कुठे अडवली, कोणी "चर्चा करावी" लिहून महिनाभर ठेवली, ते झेरॉक्समधून कळत नाही.

एक सावधगिरी. माहिती अधिकाराचा पाऊस पाडू नका. महिन्याला वीस अर्ज टाकणाऱ्याला ऑफिसात सगळे ओळखतात, पण त्याचा फोन कुणी उचलत नाही.

पायरी ५ : अंदाजपत्रक वाचायला शिका, हा सगळ्यात मोठा टप्पा

२०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. आकडा बघून घाबरू नका, तुम्हाला त्यातल्या दोन-चार ओळी शोधायच्यात. पगार, पेन्शन, वीजबिल, पाण्याचे पैसे हे जाऊन भांडवली कामांना काय उरतं ते आधी बघा. मग आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची तरतूद आणि पथ विभागाच्या मुख्य खात्याची तरतूद वेगवेगळी शोधा, कारण छोटी दुरुस्ती वॉर्डातून होते आणि रस्ता नव्यानं करायचा असेल तर मुख्य खात्यातून.

नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं "स" यादीत असतात. चार नगरसेवकांचा प्रभाग असला की एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तेव्हा "स यादीत हे काम कुणाच्या नावावर आहे?" असं विचारलं की संभाषणाचा सूर बदलतो. दुसरा शब्द वर्गीकरण. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं, म्हणजे तुमच्या फूटपाथचे पैसे अंदाजपत्रकात छापून आलेत म्हणून पेढे वाटू नका, डिसेंबर-जानेवारीत वर्गीकरणाच्या प्रस्तावात ते निघून जाऊ शकतात. स्थायी समितीची कार्यपत्रिका दर आठवड्याला बघायची ती यासाठी.

वर्षाचा क्रम ढोबळमानानं असा. पावसाळा ओसरता ओसरता नागरिकांकडून पुढच्या वर्षासाठी कामं मागवतात. पुण्यात ही सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत २००६-०७ पासून आहे, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन. तुमच्या वहीतलं काम इथे टाका, मोजमाप आणि फोटोसकट, आणि "फूटपाथ सुधारणे" असं मोघम न लिहिता कुठून कुठपर्यंत, काय काय, ते लिहा. मग थंडीत खात्यांची जुळवाजुळव, त्यानंतर आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात आपली भर घालते आणि मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, मान्य करते. १ एप्रिलला नवीन वर्ष. एप्रिल ते जून टेंडरची कामं, पावसाळ्यात खोदाई बंद, दिवाळीनंतर खरी कामं, आणि मार्च एंडला काय चालतं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, चांगले रस्तेसुद्धा उकरले जातात.

म्हणून काम मार्चमध्ये मागणारा एक वर्ष उशिरा आलेला असतो. ऑगस्टमध्ये मागा.

पायरी ६ : सभा बघा

स्थायी समितीत १६ सदस्य, पैशाचे जवळपास सगळे मोठे निर्णय तिथे. मुख्य सभा महिन्याला. मुख्य सभेला प्रेक्षक गॅलरी आहे, पासची चौकशी नगरसचिव कार्यालयात करा, कार्यपत्रिकाही तिथूनच निघते. पहिल्यांदा काही कळणार नाही, "दाखलमान्य" झालं म्हणजे काय, सभा तहकूब का केली, आयत्या वेळचा विषय कुठून आला. दोन-तीन सभांनंतर कळायला लागतं की बोलणारा वेगळा, ठरवणारा वेगळा, आणि फाईल ठेवणारा तिसराच. कोण तयारी करून येतं ते टिपून ठेवा. पक्ष कुठलाही असो, कागद वाचून बोलणारे सात-आठ नगरसेवक नेहमी असतात, पुढे तुम्हाला त्यांचीच गरज पडणार आहे.

पायरी ७ : आपल्यासारखी नसलेली माणसं

खरं सांगायचं तर प्रोफेशनल लोकांचं सगळ्यात कच्चं इथे असतं. सोसायटीच्या ग्रुपवर शंभर लोकांनी अंगठा दाखवला की त्यांना वाटतं प्रभाग आपल्या मागे आहे. त्याच प्रभागात वस्ती आहे, जुनं गावठाण आहे, चाळी आहेत, मंडळं आहेत, आणि मतदान ही मंडळी तुमच्यापेक्षा जास्त करतात. गणेश मंडळाचा कार्यकर्ता पावसात पाणी शिरलं की रात्री दोनला पंप आणतो, त्याला "लोकल पॉलिटिक्स" म्हणून झटकू नका, नेतृत्व म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

फूटपाथवरच्या टपरीचंच बघा. पहिली प्रतिक्रिया, हटवा. पण २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच असायला हवेत, परवाना आणि जागा ठरवायची रीत आहे. त्या टपरीवाल्या ताईंशी बोला, परवाना आहे का, किती वर्षं आहेत, दीड मीटर मागे सरकल्या तर धंदा चालेल का. बऱ्याचदा त्या सरकायला तयार असतात आणि अडून बसलेला असतो मागचा दुकानदार ज्याला पार्किंग हवंय.

तसंच एक सकाळ स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक ताईंबरोबर त्यांच्या घरोघरच्या फेरीवर जा, आधी विचारून. २००८ पासून पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करायचं काम या सहकारी संस्थेकडे आहे. ओला-सुका नीट न करणारी घरं कोणती ते त्या न बघता सांगतील, आणि त्यात बहुधा वरच्या मजल्यावरचे साहेबही असतील.

पायरी ८ : मराठीत लिहा, तीन मिनिटांत बोला

हे थोडक्यात. पत्र एक पान, पहिल्या दोन ओळीत मागणी, मग पत्ता आणि मोजमाप, शेवटी कुठला नियम. "महोदय, वरील विषयास अनुसरून" ने सुरुवात झाली तरी चालेल पण तिथेच संपू नये. हरकती-सूचनांची मुदत पाळा. विकास आराखड्याच्या प्रारूपाला साधारण ३० दिवस, झाडं तोडण्याच्या नोटिशीला ७ दिवस. खोडावर चिकटवलेला तो कागद वाचायची सवय लावा. आणि सुनावणीला बोलावलं तर जा, अर्ज देऊन सुनावणीला न जाणारे इतके असतात की हजर राहिलात तरी लक्षात राहता.

पायरी ९ : नोकरी, धंदा आणि हितसंबंध

सरकारी नोकरीत असाल तर तुमचे सेवानियम आधी वाचा. खासगी नोकरीत बाहेरच्या कामाबद्दल करारात काय म्हटलंय ते बघा आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, पेपरात फोटो आल्यावर नाही. आर्किटेक्ट, इंजिनिअर, वकील यांचं जास्त नाजूक आहे कारण तुमच्याच क्लायंटच्या फाईली बांधकाम विभागात असतात. सकाळी नागरिक म्हणून त्या विभागावर टीका आणि दुपारी तिथेच प्लॅन पास करून घ्यायला, हे जमत नाही, आणि जमलं तर लोकांना दिसतं. शक्यतो आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या खात्याचं काम धरा. आर्किटेक्टनं कचरा धरावा, डॉक्टरनं फूटपाथ. नगरसेवक झाल्यावर तर महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणं ही कायद्यानं अपात्रताच आहे.

चौघं-सहाजण मिळून करायचं असेल तर

एकट्यानं वर्षभर टिकणं अवघड असतं म्हणून छोटा गट करा, पण वेगवेगळ्या पेशांचा. सगळे आयटीतले असले की पहिल्या महिन्यात अॅप तयार होतं आणि काम तिथंच राहतं. एक हिशेब बघणारा, एक चालणारा-मोजणारा, एक पत्र लिहिणारी, एक जिला वस्तीत ओळखतात अशी. एखादी जुनी संस्था पाठीशी घ्या. वाहतुकीत "परिसर" ही संस्था आहे, माहिती अधिकार आणि नागरी प्रश्नांवर सजग नागरिक मंच आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन बसा. शिकायचंच असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, २१ ते २६ वयाला मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघते का त्यावर लक्ष ठेवा. पण हे सगळं वहीनंतर.

आणि "वर्षभर कोण शिकत बसणार" म्हणणाऱ्यांसाठी, याच शहरात गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सदस्याला पहिली पाच वर्षं प्रशिक्षणच होतं. गोखले स्वतः फर्ग्युसनचे प्राध्यापक आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही. त्याआधी १८७६ पासून काही वर्षं महात्मा फुले नगरपालिकेत सदस्य होते, आणि ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारे व्यावसायिक होते. पेशा सांभाळून शहराचं काम करणं पुण्याला नवीन नाही.

वर्ष संपल्यावर पुढे काय

रस्ते तीन दिसतात. एक, असंच प्रभागात राहून काम करत राहणं. दोन, प्रभाग समितीवर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात, कायद्यात कलम २९अ, ती नेमणूक नगरसेवक करतात आणि बहुतेकदा आपापल्या कार्यकर्त्यांची करतात. तुमच्याकडे वर्षभराचं काम आणि संस्थेची नोंदणी असेल तर निदान हक्कानं अर्ज करता येतो आणि नेमणूक कशाच्या आधारावर झाली ते विचारता येतं. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आहे, ती कागदावरच राहिलीय, तिच्यासाठी भांडणं हाच एखाद्या वकील मैत्रिणीचा वर्षभराचा प्रकल्प होऊ शकतो.

तिसरा रस्ता निवडणुकीचा. वय २१ पूर्ण, शहराच्या मतदारयादीत नाव (उभं कुठल्याही प्रभागातून राहता येतं), दोनच्या वर अपत्यं नकोत, निम्म्या जागा महिलांना राखीव, आणि कुठली जागा कुणाला हे सोडतीत ठरतं त्यामुळे एकाच जागेवर डोळा ठेवून बसू नका, गटातल्या दोघी-तिघांची तयारी ठेवा. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे मतदार मोठा, अपक्षाला फार जड जातं, पक्षाशी बोलावंच लागतं, आणि तेव्हा तिकीट मागायला पीपीटीपेक्षा ती वही आणि शिक्के मारलेल्या पत्रांची फाईल न्या. महापालिकेची थकबाकीही अडचणीत आणू शकते, तेव्हा घर स्वतःच्या नावावर असेल तर मिळकतकराच्या पावत्या आत्तापासून एका जागी लावून ठेवा.